कोपराखाली चार बोटे

हळदीचा डाग आधी पिवळाच होता. कामिनीबाईंनी चिमूटभर हळद पाण्यात कालवली, सिमेंटच्या नमुन्यावर बोटाने लावली, आणि बोट पदराला पुसेपर्यंत त्या डागाची कड गडद झाली. मग रंग कडेकडून आत सरकत गेला. आधी विटेसारखा, नंतर कुंकवासारखा. मध्ये मोहरीएवढा एक पिवळा ठिपका थोडा वेळ टिकून राहिला. मग तोही गेला.

यात नवल काही नव्हते. सिमेंटमध्ये चुना असतो आणि चुन्याने हळद लाल होते. जळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी झाली होती. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती पाण्यात ढवळायची, तिच्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि पट्टीचा रंग बदलताना पाहायचा. निवृत्त होऊन वर्ष झाले, तरी समोर काही रंग बदलत असले की त्या जागच्या हलत नसत.

नव्या ओट्यासाठीचे नमुने तीन होते. एक लाल, एक हिरवा, एक नुसता सिमेंटचा, राखाडी. उखर्डू गवंड्याने ते स्टीलच्या ताटांत ओतून, घोटून, पाण्यात ठेवून पक्के केले होते. त्यामुळे प्रत्येकाला ताटाची गोल कड आली होती. ओसरीत पाटावर ओळीने मांडलेले ते नमुने लांबून पाहिले तर कोणी जेवायला येणार आहे असे वाटे.

सावद्याच्या त्या घरात सध्या स्वयंपाकघर नव्हते. जुन्या ओट्याचा कडाप्पा मोरीपाशी आडवा तडकला, खालची भिंत ओल धरून बसली, आणि शेवटी सगळेच फोडायला काढले. शेगडी ओसरीत आली, डबे माजघरात गेले. रिकाम्या खोलीत खिडकीतून ऊन यायचे, त्यात धूळ तरंगायची, आणि दुपारी तिथून गेले की खोली पूर्वीपेक्षा मोठी वाटायची.

दुपार कलताना सुलक्षणा आली. केळीची रोपे काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. तिच्या हातांना नेहमी स्पिरिटचा वास येई. चपला काढता काढता तिने ताटांकडे पाहिले.

"आई, आज काय वाढलंय?"

"राखाडीवर हळद, हिरव्यावर दही, लालवर गरम तेल. तू काय घेतेस?"

"तुम्हीच वाढा. सुनेला शिळं चालतं."

"शिळं नाही, आत्ताच केलंय."

ती खाली बसली. राखाडी ताट उचलून तिने उजेडाकडे धरले.

"हळदीचं कुंकू झालं की," ती म्हणाली. मग ताट परत पाटावर ठेवले.

कामिनीबाईंनी लिंबाची फोड घेतली आणि लाल डागावर एक थेंब पाडला. थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे आले, इतके बारीक की ते दिसण्याआधी ऐकू आल्यासारखे वाटले. लाल रंग मागे सरला. जिथे थेंब होता तिथे हळद पुन्हा पिवळी झाली.

"बघ, परत आली."

"आली," सुलक्षणा म्हणाली. तिने थेंब टिपून ताट तिरपे केले. "पण इथली चमक गेली."

खरेच गेली होती. थेंबाएवढी जागा मंद, खरखरीत दिसत होती. बाकी सगळे गुळगुळीत. सुलक्षणाने त्यावरून तळहात फिरवला. सावकाश, एकदा जाऊन एकदा परत, जसा कोणी गुराच्या पाठीवरून फिरवतो.

"हाच घेऊ या. राखाडी."

"याच्यावरच तर सगळ्यात जास्त डाग दिसतील."

"दिसू देत. आमच्या हौदाची कड अशीच होती."

तो हौद कामिनीबाईंनी पाहिला नव्हता, पण त्यांना तो पाठ होता. रावेरला सुलक्षणाच्या वडिलांचे केळी भरायचे आवार होते. केळीच्या फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन काढायचा सिमेंटचा लांब हौद, त्याला बायकांच्या हातांनी, दंडांनी, पोटांनी घासून गुळगुळीत झालेली कड. लहानपणी ती त्या कडेवर गाल टेकून उभी राहायची. उन्हाळ्यातही ती कड गार असायची, आणि पाण्यावर हिरव्या फण्या एकमेकींना न लागता हळूहळू फिरत असायच्या. वडील गेले, भावाने आवार काढून टाकले आणि तो सुरतेला गेला. हौदाच्या जागी आता दुसऱ्या कोणाचे गोदाम होते.

लग्नानंतर जितेंद्र तिला म्हणायचा, तुझी हौदाची कड घरात आणून देतो. जितेंद्र कामिनीबाईंचा एकुलता मुलगा. चार पावसाळ्यांमागे डेंग्यूच्या तापात तो गेला. त्याचे वडील अमृतराव त्याच्या आधीच गेले होते. तेव्हापासून त्या घरात या दोघीच होत्या. एक सासू, एक सून, आणि संध्याकाळी दोघींचा एक चहा.

"बरं, राखाडी," कामिनीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उखर्डू आला तो ताटे मोजतच.

"वहिनी, तीन ताटं मागून नेले होते. तीन परत. पन आता त्याच्यात जेवू नका बाप्पा, पोटात घर बांधलं जाईन."

"राखाडी ठरलंय, उखर्डूभाऊ."

"ठरलं? मंग बरं झालं. रंग टाकला का माल रंगाचा होतो, आपला नाई राहत." तो आत गेला आणि भिंतीपाशी उकिडवा बसला. कडाप्पा काढल्यावर उरलेला गिलावा त्याने थापीने खरवडला, मग हाताने झाडला. "इकडं या बरं. हे पाहा काय निघालं ते."

गिलाव्यावर गेरूची एक आडवी रेघ होती. ओट्याच्या दगडामागे इतकी वर्षे झाकलेली, म्हणून रंग ताजा. एका टोकाला दोरी ओढताना बसलेला झटका दिसत होता. रेघ तिथे जरा जाड झाली होती.

"कोपर हाये तुमचं," उखर्डू म्हणाला. "आठोतं का?"

कामिनीबाईंना आठवत होते. त्या घरात आल्या तेव्हा चूल जमिनीवर होती. सासूबाई, सुगंधाबाई, पाटावर बसून स्वयंपाक करीत. अमृतरावांनी उभा ओटा करायचे ठरवले आणि उखर्डू, तेव्हा मिसरूड फुटलेला, गेरूत भिजवलेली दोरी घेऊन याच खोलीत उभा राहिला. त्याने विचारले होते, कोनाची उची धरू? कारण ओट्याची उंची टेपाने धरत नाहीत. घरची बाई उभी राहते, हात कोपरात दुमडते, आणि गवंडी कोपराखाली चार बोटे सोडून खूण करतो. सुगंधाबाईंनी चुलीपुढून मान वर न करता सांगितले होते, "तिचीच धर. मी काय, मी खालीच बसनार."

तेवढेच. पण कामिनीबाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, हात दुमडला होता, उखर्डूने दोरी ताणून सोडली होती आणि भिंतीवर टप् असा आवाज झाला होता. त्या आवाजापासून ते घर त्यांचे झाले. सुगंधाबाईंनी त्यांच्याकडे किल्ल्या पुढे कितीतरी उशिरा दिल्या.

"मंग आता?" उखर्डूने विचारले. "कोनाची धरू? आमच्या ह्या पोरीची ना? हे वीतभर उच हाये तुमच्याहून."

सुलक्षणा दारात उभी होती. तिने कामिनीबाईंकडे पाहिले नाही.

"सांगते," कामिनीबाई म्हणाल्या. "दोन दिवस थांबा."

"थांबतो. पन एक ध्यानात ठेवा वहिनी, दगडाची गोष्ट येगळी. कडाप्पा उचलला, खाली दोन इटा टाकल्या, झाली उची. हे सिमेंट हाये. भितीत गज जातीन, माल भितीसंगं एक होईन. मंग तुम्ही म्हनसान, उखर्डूभाऊ, दोन बोटं खाली घ्या, त मी काई थापी नाई आननार. घनच आनीन."

"म्हणजे काढता येत नाही."

"काढता नाई येत. फोडता येतं."

हे कामिनीबाईंना आधीच माहीत होते. सिमेंट वाळत नाही, हे त्या प्रयोगशाळेतल्या मुलींना सांगत असत. वाळतो तो चिखल. सिमेंट पाणी पिते, आपल्यात बांधून घेते, आणि वर्षानुवर्षे आतल्या आत घट्ट होत राहते. सुलक्षणाने सिमेंटचा ओटा मागितला तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटले होते. मुलीची हौस म्हणून. ती एकच गोष्ट तिने कधी मागितली होती म्हणून. आणि एखाद्या संध्याकाळी, चहाचा कप हातात असताना, त्यांच्या मनात हेही येऊन जाई की जे काढता येत नाही ते बरे असते.

उखर्डूने जाताना ओसरीत विटा रचून त्यावर लांब फळी ठेवली. सुलक्षणाला उभे करून, तिच्या कोपराखाली चार बोटे. "दोन दिस याच्यावर पोया लाटून पाहा. सोमवारी माल टाकू," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी धुळ्याहून झुंबरबाईंचा फोन आला. झुंबरबाई अमृतरावांची थोरली बहीण. जन्म सावद्याचा, पण धुळ्याला दिल्यावर इतकी वर्षे झाली की बोलीही तिकडचीच झाली होती. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत.

"काय व कामिनी, व्हयना का तुन्हा ओटा?"

"अजून कुठे, अक्का. रंग ठरला फक्त."

"दिवाळीपाइन तू तेच सांगी राह्यनी. आधी म्हने थंडी जाऊ दे, मंग म्हने ओटा होऊ दे. ओटा बांधी राह्यनी का धरण?"

कामिनीबाई हसल्या. फोन कानाला धरून त्या रिकाम्या स्वयंपाकघरात आल्या.

"दीपकनी माय आज बी इचारी गयी," झुंबरबाई म्हणाल्या. "घरमा बठ्ठा लोके चांगला शेत. मास्तरनी नोकरी शे. त्यानी बी पहिली बायको गयी, त्याले दुःख समजस. पन लोके किती दिन वाट दखतीन? पोरना मनमा काय शे, इतलं तरी सांग."

"ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं."

"आनि तू काय म्हनस?"

खिडकीत शेजारच्या केळीचे एक पान होते. वाऱ्याने फाटून त्याच्या पट्ट्या झाल्या होत्या आणि प्रत्येक पट्टी वेगळी हलत होती.

"कामिनी?"

"आहे, अक्का."

"तुन्हं घर रितं व्हई, माले समजस," झुंबरबाईंचा आवाज खाली आला. "पन मी बी निंघनू ना त्या घरमाइन. दर आखाजीले येस ना?"

येत असत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झुंबरबाई न चुकता सावद्याला माहेरी येत. निंबाला झोका बांधलेला असे; त्यावर त्या नातवंडे असलेली बाई असूनही पाय वर घेऊन बसत, आंब्याचा रस मागून घेत, आणि दोन दिवस ताटदेखील उचलीत नसत. तो त्यांचा हक्कच होता. सासरी गेलेली लेक आखाजीला काम करीत नाही. मागच्या आखाजीला सुलक्षणाने त्यांना रस वाढला होता. तिला स्वतःला नेणारे रावेरला आता कोणी उरले नव्हते. झोक्याच्या दोरीला हात लावून ती थोडा वेळ उभी होती, आणि झुंबरबाईंनी बस म्हटले तेव्हा, शेगडीवर दूध आहे, म्हणून आत गेली होती.

दीपकला सुलक्षणा दोनदा भेटली होती, धुळ्याला झुंबरबाईंच्याच घरी. परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. पारोळा गेल्यावर कामिनीबाईंना डुलकी लागली. जाग आली तेव्हा सुलक्षणा बाहेर पाहून काहीतरी गुणगुणत होती. कामिनीबाईंनी डोळे पुन्हा मिटून घेतले होते.

शनिवारी सुलक्षणाला सुट्टी होती. फळीवर परात ठेवून ती कणीक मळत होती आणि कामिनीबाई पाटावर बसून वांगी भाजत होत्या. वांग्याची साल तडकून धूर येत होता. आधी त्यांच्या लक्षात आले नाही, नुसते काहीतरी बदलले आहे असे वाटत राहिले. मग दिसले. सुलक्षणा ताठ उभी होती.

एवढ्या वर्षांत त्यांनी तिला स्वयंपाक करताना ताठ पाहिलेच नव्हते. जुन्या ओट्याशी तिची मान पुढे असे, खांदे आत, नजर परातीत. ती तिची उभी राहायची पद्धत आहे असे त्यांनी धरून चालले होते. आता तिची मान मोकळी होती आणि कणीक मळता मळता ती ओसरीच्या पलीकडे पाहत होती. आवारावरून, केळीच्या बागांवरून, जिथे सातपुडा धुरकट निळ्या कडेसारखा दिसतो तिथे.

"पाठ दुखायची का गं तुझी? जुन्या ओट्यावर?"

"दुखायची."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून." तिने कणकेचा गोळा उलटवला. "रात्री ह्यांच्याकडून तेल लावून घ्यायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? ओटा फोडावा लागला असता. आणि तुम्ही त्यावर सकाळी हात पुसून, हात टेकून उभ्या राहायच्या नं, चहा उकळेपर्यंत. मला ते बघायला बरं वाटायचं."

कामिनीबाईंनी वांगे फिरवले. वांग्याचे पाणी शेगडीत पडून चुर्र झाले.

"विचारायला हवं होतं मी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

यात तक्रार नव्हती. पट्टीवर रंग वाचून सांगावा तसे तिने सांगितले. कामिनीबाईंनी शेगडी बारीक केली. एखादी गोष्ट आपण विचारली नाही, म्हणजे उत्तर नव्हते असे नाही. ते तिथेच असते, दगडामागे, ताज्या रंगाचे.

"धुळ्याला जावंसं वाटतं तुला?"

सुलक्षणाचे हात थांबले. कणकेत रुतलेली बोटे तिने तशीच ठेवली.

"वाटतं," ती म्हणाली.

ओसरीच्या पायरीवर चिमणी आली, काहीतरी उचलले आणि गेली.

"पण आई—"

"मी एवढंच विचारलं. बाकी भाकरी थापताना बोलू."

"पोळ्या आहेत."

"मग पोळ्या लाटताना."

पोळ्या लाटताना त्या काही बोलल्या नाहीत. जेवताना भरिताचे कौतुक झाले. पुढचे त्यांना विचारता आले नाही, आणि सुलक्षणाने वाट पाहिली असली तरी तसे दिसू दिले नाही.

रविवारी दुपारी कामिनीबाईंचा ओसरीत डोळा लागला. ऊन तापू लागले होते. माघ सरत आला की सावद्याला दुपार जड होते आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाजही झोपेत मिसळतो. त्यांना स्वयंपाकघर दिसले. ओटा झालेला होता, राखाडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि पक्का होण्यासाठी त्यावर मातीचे बांध घालून पाणी साठवले होते. पाणी खिडकीच्या उजेडाने भरले होते. मग ओटा लांब होत गेला, भिंतीतून पलीकडे गेला, आणि पाण्यावर केळीच्या हिरव्या फण्या एकमेकींना न लागता फिरू लागल्या. कडेवर बायका बसल्या होत्या. सुगंधाबाई होत्या, पाय पाण्यात सोडून. त्या खालीच बसणाऱ्या बाई, आज वर बसल्या होत्या. झुंबरबाई होत्या. टोकाला एक मुलगी कडेवर गाल टेकून उभी होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. कामिनीबाईंना तिला हलवायचे होते. ऊठ, त्या म्हणणार होत्या, माल धरतोय, गाल चिकटेल. पण स्वप्नात आवाज फुटत नाही. त्यांनी हात पुढे केला तर पाणी गार लागले.

जागे झाल्या तेव्हा हात नमुन्यावर होता. राखाडी ताट अजून पाटाशेजारी पडलेले होते. तीन दिवस त्यावर सकाळचे ऊन येत होते. हळदीचा लाल रंग उडून गेला होता. मातकट सावली तेवढी उरली होती, आणि तिच्यात लिंबाचा तो मंद ठिपका.

सुलक्षणा समोर उभी होती, हातात चहाचे दोन कप.

"आई, काल मी उगाच बोलले. ते राहू दे."

"काय राहू दे?"

"धुळ्याचं. तुम्ही एकट्या कशा राहाल? आणि ओटा करतोच आहोत एवढा. माझ्याच मापाचा होऊ दे. उखर्डूआबांना उद्या तसं सांगते मी."

कामिनीबाईंनी कप घेतला. चहा फार गरम होता. त्यांनी फुंकर घातली आणि चहावरची साय एका बाजूला सरकून सुरकुतली. अशा वेळी उत्तर द्यायचे असते, हे त्यांना कळत होते. पण कित्येक वर्षे त्यांचे काम दुसऱ्यांच्या मातीचे उत्तर लिहून देण्याचे होते. सही करायची, पाकिटात घालायची. तोंडाने सांगायची वेळ फारशी आलेली नव्हती.

"आलं छान लागतंय," त्या म्हणाल्या.

सोमवारी उखर्डू उजाडताच आला. आवारात वाळू, खडी, सिमेंटची पोती. त्याने खिडकीच्या बाजूला खिळा ठोकला, गेरू कालवला, दोरी भिजवली. सुलक्षणा कामाला जायच्या साडीत होती. डबा भरून झाला होता.

"हं, वहिनी. दोन दिसाचे तीन झाले. कोनाची धरू?"

विचारले कामिनीबाईंना, पण तो पाहत सुलक्षणाकडेच होता. आणि कामिनीबाईंनी तोंड उघडायच्या आत सुलक्षणा पुढे झाली. भिंतीपाशी जाऊन ती ताठ उभी राहिली आणि तिने उजवा हात कोपरात दुमडला.

"माझी धरा, आबा."

"हे शहाणी," उखर्डू म्हणाला. "लवकर गेलं का लवकर घरी येशीन."

त्याने तिच्या कोपराखाली बोटे धरली, हाताला न लावता, आणि भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका दिला. दोरीचे एक टोक खिळ्याला बांधले, दुसरे ठिपक्यावर अंगठ्याने दाबले, आणि मधली दोरी चिमटीत धरून मागे ओढली. दोरीतून गेरूचा एक थेंब खाली पडला. जुनी रेघ खाली होती. नवी तिच्या वर, वीतभर अंतरावर, हवेत ताणलेली होती.

कामिनीबाई सुलक्षणाच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. ती भिंतीकडे पाहत होती. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. ओला गिलावा, एक पेन्सिलीचा ठिपका. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती आणि खिडकीत सकाळचा सातपुडा अगदी स्वच्छ दिसत होता. ती तिकडे वळली नाही. तिने मान किंचित पुढे घेतली होती, खांदे आत. ओटा अजून झालाही नव्हता. तिच्या मापाचा होणार होता. तरी ती वाकली होती.

"सोडू का?" उखर्डूने विचारले.

"थांबा."

त्याने दोरी सोडली नाही, तशीच ताणून धरली.

"माझी धरा," कामिनीबाई म्हणाल्या.

"तुमची? मंग ह्या पोरीले पुन्हा वाकनंच आलं ना."

कामिनीबाई भिंतीपाशी गेल्या. सुलक्षणाच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी हात दुमडला. वयाने माणूस थोडे आटते; कोपराखालची चार बोटे जुन्या रेघेच्या जराशी खालीच आली. उखर्डूने हळूच दोरी सैल केली.

"आई," सुलक्षणा म्हणाली. "काल ठरलं होतं नं आपलं."

"काल तू बोललीस. मी चहा पीत होते."

त्यांनी डाव्या हाताने तिचा दुमडलेला हात धरला आणि खाली केला. मग उखर्डूकडे पाहून, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी सांगितले.

"तिला इथे वाकायचं नाही, उखर्डूभाऊ. होळी झाली की मी तिचं लग्न करून देतेय, धुळ्याला. अक्कांना आज फोन करते. त्यानंतर ती या घरी येईल ती आखाजीला येईल, आणि आखाजीला आलेल्या लेकीला ओट्यापाशी कोणी उभं करत नाही."